कंडराकाका

आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणारी धडधाकट माणसंसुद्धा लिफ्टने जातात. यावरून कोथरूडकर आळशी झाले असा अर्थ कोणी काढू नये. सकाळी सात ते साडेसात आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा या वेळात जिन्यावर कंडराकाका असतात. तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या एका पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, कठडा धरून, टाचा सावकाश खाली सोडत ते उभे असतात. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा ताठ ठेवून, तितक्याच गुडघा जरा वाकवून. आणि दोन फेऱ्यांच्या मधे त्यांना श्रोता लागतो.

"काय काका, गुडघ्यासाठी का?" असं एखाद्या नव्या भाडेकरूने सहज विचारलं की त्याची त्या दिवशीची बस गेलीच. काका गुडघ्यावरून थेट स्वीडनला जातात. उत्तर स्वीडनमधलं उमेओ गाव, तिथला हाडांचा सर्जन होकान अल्फ्रेडसन, त्याला पळण्याचा नाद आणि पळून पळून दुखावलेली टाचेमागची कंडरा. हा साहेबाला म्हणाला, शस्त्रक्रिया करा. साहेब म्हणाला, तू रजेवर गेलास तर इथलं काम कोण करणार? अल्फ्रेडसनने मनात म्हटलं, तुटली की झक मारत कराल. म्हणून ती तुटावी या शुद्ध हेतूने त्याने दुखऱ्या टाचेवर रोज भरपूर भार टाकायला सुरुवात केली. ती तुटली तर नाहीच, वर दुखायचीही थांबली. मग १९९८ साली त्याने पंधरा पळणाऱ्यांवर बारा आठवडे केलेला प्रयोग छापला आणि जगभरचे फिजिओथेरपिस्ट आपापल्या रुग्णांना पायरीच्या कडेवर उभं करू लागले. "कंडरेला आराम नको असतो, भार हवा असतो, भार!" असं म्हणताना काका दोन्ही हात उंचावतात आणि लगेच कठडा धरतात. काकांचे बारा आठवडे केव्हाच उलटले. टाच तर त्यांची कधी दुखलीच नव्हती.

त्यांचं खरं नाव वेगळं आहे. गॅसच्या पुस्तकावर आणि देखभालीच्या पावतीवर ते येतं, एरवी कोणी वापरत नाही. 

पुण्याला एका विषयाच्या माणसांचं वावडं नाही. इथे पानिपतावर अडकलेले लोक आहेत, मारव्याच्या रिषभावर अडकलेले आहेत, १९६१च्या पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते काठीने दाखवणारे आहेत. पण त्यांच्या विषयात शिरायला ऐकणाऱ्याला निदान एक दार असतं. कंडराकाकांचा विषय दीड नॅनोमीटर जाडीचा आहे. कोलॅजेनच्या एका रेणूची जाडी तेवढीच. त्या रेणूंचे तंतुक, तंतुकांचे तंतू, तंतूंच्या जुड्या आणि जुड्यांची मिळून कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी ती पांढरी, चकचकीत, चिवट शीर. हा पाचमजली प्रवास काका खालून वर करतात आणि श्रोता साधारण दुसऱ्या मजल्यावर गळतो.

भौतिकशास्त्रात पदवी घेऊन काका १९६९ साली मद्रासला शिकायला गेले. मद्रासच का, तर तिथे जी. एन. रामचंद्रन होते. काकांच्या दिवाणखान्यात ज्ञानेश्वर माउलींच्या शेजारी रामचंद्रन यांचा वर्तमानपत्रातून कापून चौकटीत बसवलेला फोटो आहे आणि दसऱ्याला दोघांनाही सारख्याच मापाचा हार असतो. रामचंद्रन यांची कथा काका कीर्तनाच्या थाटात सांगतात. पूर्वरंगात बर्नाल. हे इंग्लंडचे मोठे शास्त्रज्ञ १९५२ साली मद्रासला आले असताना, कोलॅजेनची रचना अजून कोणाला सुटलेली नाही, असं बोलून गेले. जेमतेम तिशीत प्राध्यापक झालेल्या रामचंद्रन यांनी ते मनावर घेतलं. चांगलं क्ष-किरण चित्र मिळेल असा नमुना हवा होता. तो सापडला कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेत.

"मद्रासला कांगारू?" इथे कोणीतरी हमखास विचारतं.

"शेपूट आलं होतं. कांगारू नाही." काका हे इतक्या गंभीरपणे सांगतात की हसणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटते.

उत्तररंगात १९५४ साल. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 'नेचर'मध्ये जाहीर केलं की कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांचा आहे. पुढच्या वर्षी त्यांनी त्यात सुधारणा केली की या तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेऊन वळलेल्या असतात. त्याच १९५५ साली क्रिक आणि रिच यांनीही आपली रचना मांडली. साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध दर तीन घटकांमागे दोन असतात की एक, यावर दोन्ही पक्षांचं जुंपलं. शेवटी एकच ठरला, म्हणजे त्या मुद्द्यावर क्रिक बरोबर निघाले. हे वाक्य काका अगदी खालच्या आवाजात म्हणतात आणि म्हणताना भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करतात.

आता हे सगळं ऐकून जो कोणी समजूतदारपणे मान डोलावत, "म्हणजे तिपेडी वेणीसारखं," असं म्हणेल त्याचं काही खरं नाही. काकांचा एवढ्या वर्षांतला सगळा संताप या एका वाक्यावर खर्च झालेला आहे. वेणीत पेड एकमेकांना ओलांडतात! डावा मधे येतो, मग उजवा मधे येतो. कोलॅजेनमधे कोणी कोणाला ओलांडत नाही, तिघी एकाच आसाभोवती फिरतात. दोर म्हणा. दोर चालेल. दोरात सुताचा पीळ एका बाजूला असतो आणि दोराचा त्याच्या उलट, म्हणून तो उलगडत नाही. इथेही प्रत्येक साखळीचा स्वतःचा पीळ डावा आणि तिघींचा मिळून उजवा. आणि तिघी इतक्या घट्ट बिलगलेल्या की मधल्या आसाजवळ जागाच नसते. तिथे फक्त ग्लायसिन मावतं, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. म्हणून हजारभर घटकांच्या साखळीत दर तिसरं ग्लायसिनच. एका ठिकाणी त्याच्या जागी दुसरं जाडजूड कोणी बसलं तर तेवढ्याने हाडं काचेसारखी मोडणारा आजार जन्मतः होऊ शकतो. "हजारात एक चूक!" काका बोट उभं करतात. "आणि आपले सेक्रेटरी वार्षिक हिशेबात..." पण तो वेगळा विषय आहे आणि सेक्रेटरी शेजारच्या विंगमधेच राहतात.

मद्रासहून परतल्यावर काकांनी एका संशोधन संस्थेत नोकरी धरली आणि निवृत्तीपर्यंत तिथल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत ते बसले. पंखा नको, खिडकी नको, अंधार हवा, अशी खोली. काम उंदराच्या शेपटीतल्या कंडरेवर. शेपटीचं टोक चिमट्यात धरून ओढलं की पांढरे धागे सुळकन बाहेर येतात. चातुर्मासात कांदा न खाणाऱ्या या गृहस्थाने किती शेपट्या ओढल्या त्याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेल. त्या खोलीत काढलेलं एक चित्र मोठं करून त्यांनी जेवणाच्या टेबलासमोर लावलं आहे. एका तंतुकावर एका अंतराने काळे-पांढरे पट्टे, काळे-पांढरे पट्टे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नळ दुरुस्तीला आलेला प्लंबर ते बघून म्हणाला होता, "वॉशिंग मशीनचा पाइप लीक होता काय?"

या पट्ट्यांमधलं अंतर हा काकांच्या घरातला नाजूक विषय आहे. १९४२ साली अमेरिकेत एमआयटीमधे श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे पट्टे पाहिले. त्या यंत्राच्या आत निर्वात पोकळी असते, नमुना वाळलेला असतो, आणि वाळलेल्या तंतुकावर पट्ट्यांचं अंतर ६४ नॅनोमीटरच्या आसपास भरतं. शरीरात तो ओला असतो, तेव्हा ६७. जुन्या पुस्तकांत ६४ आणि नव्या पुस्तकांत ६७ असं दिसलं की वाचणाऱ्याला छापायची चूक वाटते. काकांच्या नातवाने शाळेच्या प्रकल्पात ६४ लिहिलं तेव्हा काकांनी त्याच्याकडे फक्त रोखून पाहिलं आणि विचारलं, "ओलं की कोरडं?" पोरगं घाबरून चड्डीकडे बघू लागलं.

हे पट्टे येतात कुठून? मी हा प्रश्न विचारला आणि काकांनी शेवग्याच्या शेंगा आणायला पिशवी घेतली.

भाजीवालीच्या पाटीपाशी काका खिशातून मोजपट्टी काढतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. 

"काका, समद्या एकाच झाडाच्या हायेत."

"मला एका लांबीच्या हव्यात. पंचेचाळीस सेंटिमीटर."

"आमटीला काय लांबी?" ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, "न्हेमीचंच हाय यांचं."

घरी आल्यावर जेवणाचं टेबल पुसलं गेलं आणि शेंगांचे रेणू झाले. खरा रेणू ३०० नॅनोमीटर लांब, शेंग ४५ सेंटिमीटर. पहिल्या शेंगेला लागून दुसरी ठेवायची, पण दहा सेंटिमीटर पुढे सरकवून. तेच खऱ्या रेणूतले ६७ नॅनोमीटर. तिसरी आणखी दहा पुढे, मग चौथी, मग पाचवी. आता पहिल्या शेंगेच्या पुढे त्याच ओळीत आणखी एक शेंग ठेवायची आहे, आणि इथे खरी मेख आहे. तीनशेला सदुसष्टने भाग जात नाही. चार वेळा गेला तर २६८, पाच वेळा गेला तर ३३५. शेंग मात्र पाच पावलांचा हिशेब पाळूनच ठेवायची असते. त्यामुळे एका शेंगेची शेपटी आणि पुढचीचं डोकं यांच्यात फट राहते, ३५ नॅनोमीटरची. टेबलावर ती पाच सेंटिमीटरच्या थोडी वर भरली. प्रत्येक ओळीत फट, आणि सगळ्या ओळींतल्या फटी ठरावीक अंतराने येत राहिल्यामुळे तंतुकाच्या अंगभर पट्टे. फटीच्या पट्ट्यात रेणू विरळ, बाकीच्यात दाट. १९६३ साली हॉज आणि पेट्रुस्का यांनी हे जुळवून दाखवलं. "भाग गेला असता तर पट्टे दिसले नसते," काका म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी विसाव्या शेंगेपर्यंत बसलो. हाडातल्या कोलॅजेनमधे कॅल्शियमच्या क्षाराचे कण शिरतात तेही आधी याच फटीत, असं त्यांनी पुढे सांगितलं. शरीराने जागा रिकामी सोडली आणि ती वायाही घालवली नाही, याचं त्यांना मनापासून कौतुक आहे.

"शेंगा जाड आहेत मात्र," ते जरा खट्टू होऊन म्हणाले. "या मापात जाडी दोन मिलिमीटरच्या थोडी वर हवी."

"मग उद्यापासून चवळीच्या आणा," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आणि रेणू झाले असतील तर चिरायला द्या."

काकूंबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. त्या मराठीच्या शिक्षिका होत्या. शांत बाई. घरात इतकी वर्षं एकच विषय चालू असताना त्यांनी स्वतःचा एकही विषय काढला नाही, याला लोक सहनशीलता म्हणतात. मला तो धोरणीपणा वाटतो.

काकांनी एकदा मला कंडरेची लहर दाखवली. त्यासाठी ते चिकनच्या दुकानामागे जाऊन कोंबडीचे पाय घेऊन आले होते. दुकानदार पैसे घेत नाही, त्याच्या मते काका कुत्री पाळतात. पाय कापला जातो तिथे पांढऱ्या शिरेचं टोक बाहेर आलेलं असतं, ते ओढलं की कोंबडीची बोटं मिटतात. सोसायटीतली सगळी पोरं यासाठी काकांवर जीव टाकतात. पोरं पांगल्यावर काकांनी त्या शिरेतला केसाएवढा धागा सोडवला, मिठाच्या पाण्यात काचेवर ठेवला आणि ध्रुवीकरणाच्या दोन पट्ट्यांमधे धरून जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. मी डोळा लावला. मागे काळोख, त्यात उजळलेला धागा, आणि धाग्यावर आडव्या सावल्या, एकीमागून एक. नजर स्थिर झाल्यावर कळलं की धागा सरळ नाहीच, तो नागमोडी आहे. काकांनी दोन चिमट्यांनी त्याला अगदी हलकं ताणलं. सावल्या एका क्षणात पुसल्या गेल्या. सोडलं, परत आल्या. हे पट्टे वेगळे, ते वेगळे, इतकं त्यांनी मला तीनदा बजावलं. मघाचे नॅनोमीटरमधले होते, हे भिंगातून दिसण्याइतके मोठे. पहिल्या दोन टक्के ताणात फक्त ही लहर सरळ होते. कंडरेला तेव्हा फारसं काही जाणवत नाही. त्यानंतर खरा ताण सुरू होतो, तंतुक ओढले जातात, आत रेणू एकमेकांना धरून सरकतात. चार टक्क्यांपर्यंत सोडलं तर सगळं पूर्ववत. त्याच्या पुढे आत बारीक बारीक चिरा पडू लागतात. आठ-दहा टक्क्यांना तुटते.

ही टक्केवारी काका माणसांनाही लावतात. पार्किंगच्या सभेत कोणाचा आवाज चढला की शेजारच्याला सांगतात, "अजून दोन टक्क्यांत आहे, लहर गेली फक्त." सेक्रेटरींनी कागद आपटले की, "चार." एकदा ए विंगच्या दोन सख्ख्या भावांत गच्चीवरच्या टाकीवरून जुंपली, तेव्हा काका उठून उभे राहिले आणि "आठ! आठ!" असं ओरडले. भावांना वाटलं, मतदान चालू आहे.

यावर काकूंनी एकदाच तोंड उघडलेलं मला आठवतं. "मी सत्तेचाळीस वर्षं साडेसात टक्क्यांवर आहे," त्या म्हणाल्या आणि पोहे पुढे केले.

ज्येष्ठ नागरिक संघात काकांना भाषणाला बोलावत नव्हते, त्याला कारण होतं. एका आषाढी एकादशीला त्यांचं 'प्रथिने आणि आपण' असं व्याख्यान ठेवलं होतं. साबुदाण्याची खिचडी आधी झाली होती. काकांनी सुरुवातीलाच विचारलं, "आज सकाळी ज्यांनी ज्यांनी कॅप्सूल घेतली त्यांनी हात वर करा." कोणी जीवनसत्त्वाची, कोणी पित्ताची, बहुतेक हात वर झाले. "मग एकादशी मोडली," काका प्रसन्नपणे म्हणाले. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. जिलेटिन म्हणजे गुराढोरांच्या हाडा-कातड्यातलं कोलॅजेन काढून, उष्णतेने त्याचा तिपेडी पीळ उलगडून केलेला पदार्थ. सभागृहात अशी शांतता पसरली की बाहेरच्या स्कूटरची किक ऐकू आली. पहिल्या रांगेत लग्नाआधीपासून एकादशी करणाऱ्या एक आजी होत्या. त्यांचा चेहरा पाहून काकांनी दिलासा द्यायचा प्रयत्न केला. "पीळ उलगडल्यावर ते शास्त्रीयदृष्ट्या कोलॅजेन राहतच नाही, आजी!" आजींना यात दिलासा दिसला नाही. सेल्युलोजची शाकाहारी कॅप्सूलही मिळते, हे सांगेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

तिसऱ्या मजल्यावरची व्यायामशाळेत शिकवणारी मुलगी डब्यातून कोलॅजेनची पावडर विकते. तिच्याशी काकांचं वैर नाही, कारण वैरासाठी दोघांनी बोलावं लागतं. तिच्या डब्यावर 'वीगन कोलॅजेन' छापलेलं बघून काका जिन्यातच बसले. वनस्पती कोलॅजेन तयारच करत नाहीत! बरं, प्राण्यांचं घेतलं तरी पोटात गेल्यावर त्याचे बारीक तुकडे होतात, अमिनो आम्लं होतात. ती कुठे जातील ते शरीर ठरवतं. गालावर जा असा पत्ता त्यावर लिहिता येत नाही. काही प्रयोगांत थोडा फायदा दिसला आहे, असं ती पोरगी म्हणाली तर काका तेही ऐकून घेतात आणि तिच्या हातात आवळा ठेवतात. ताजा आवळा त्यांच्या खिशात हिवाळाभर असतो. साखळीतल्या प्रोलिनवर शरीर एक छोटा रासायनिक टिळा लावतं, त्याशिवाय तीन साखळ्यांचा पीळ अंगाच्या उष्णतेत टिकत नाही. त्या टिळ्याला क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात. १७४७ साली सॅलिसबरी जहाजावर जेम्स लिंडने बारा आजारी खलाशांपैकी दोघांना संत्री-लिंबं दिली आणि तेच आधी उठले. काकांच्या मते लिंडच्या हातात आवळा पडला असता तर प्रयोग आणखी लवकर संपला असता.

त्यांच्या आवडत्या शोधांत सगळ्यात ताजा २०१३चा आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि पुढे हळूहळू उतरला. त्यामुळे एखादी ऊती कधी घडली ते तिच्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी मृतांच्या टाचेमागच्या कंडरेचा गाभा तपासला. तो सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि मग आयुष्यभर जवळजवळ तोच राहतो, असं निघालं. स्नायूचं तसं नाही, तो बदलत राहतो. काका १९४७चे. "माझी कंडरा १९६४ची आहे!" ते पाहुण्यांना धोतराचा सोगा उचलून टाच दाखवतात. त्यांच्या गप्पांचा गाभाही साधारण तेव्हाचाच असावा, पण त्यात कार्बन मोजायची सोय नाही.

आता खजिनदारांची गोष्ट. प्रजासत्ताक दिनाच्या बॅडमिंटन स्पर्धेत आमचे खजिनदार उतरले. वय चव्वेचाळीस, वर्षभर खुर्ची, आणि त्या दिवशी एकदम उडी मारून स्मॅश. फट्ट असा आवाज झाला. खजिनदार खाली बसले आणि मागे वळून आपल्या जोडीदारावर कडाडले, "लाथ का मारलीस?" जोडीदाराची देखभाल तीन महिने थकलेली होती, त्यामुळे सगळ्यांना ते खरंही वाटलं. पण जोडीदार जाळ्यापाशी होता. मागे कोणीच नव्हतं.

काका गर्दीतून पुढे आले. खजिनदारांना दोन बाकं जोडून पालथं झोपवलं. चांगल्या पायाची पोटरी दाबली, पाऊल हललं. दुसऱ्याची दाबली, पाऊल जागचं हललं नाही. "तुटली," काका म्हणाले. "मागून लाथ बसल्यासारखंच वाटतं." निदानाला अर्धं मिनिट लागलं. पुढे काका थांबले असते तर ते कंडराकाका कसले! टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यातच ती बहुधा तुटते, कारण तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. "तुमचं वजन किती?" "ब्याऐंशी," खजिनदार दात आवळून म्हणाले. "म्हणजे पाचशे ते साडेसहाशे किलो! आणि आत प्रत्येक रेणू दीड नॅनोमीटरचा..."

"आधी रिक्षा बोलवा," काकू म्हणाल्या. "रेणू वाटेत सांगा."

त्यांनी ते वाटेतही सांगितले.

शस्त्रक्रिया झाली, पाय बुटात अडकला, आणि खजिनदार कित्येक आठवडे घरी पडले. काका रोज जायचे. पहिले चार दिवस खजिनदारांच्या बायकोने ते झोपलेत असं सांगितलं, पाचव्या दिवशी खजिनदार आतून स्वतःच ओरडले, "येऊ दे." टीव्हीचं रीचार्ज संपलं होतं असं म्हणतात. काकांनी खोटा धीर दिला नाही. तुटल्या जागी आधी बारीक, घाईघाईने विणलेलं, तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन भरतं, मग पुढचे महिनोन्महिने त्याची जागा पहिल्या प्रकारचं घेत जातं. भार हळूहळू दिला तर तंतू ओढीच्या दिशेने लागतात. मूळची वीण काही तंतोतंत परत येत नाही, पण चालाल, जिने चढाल. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं होतं तेच काकांनी दोन आठवड्यांत सांगितलं, पण खजिनदारांना ते दुसऱ्या वेळी समजलं.

आणि एका संध्याकाळी, शेंगांचा हिशेब ऐकून झाल्यावर, त्यांनी विचारलं, "काका, शेंगा नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्यात. ओढल्यावर घसरत का नाहीत?"

मी तिथे होतो. काका काही वेळ बोललेच नाहीत. लोक त्यांना "अच्छा", "वा", "म्हणजे वेणीसारखं" असं म्हणत आलेले. पट्ट्यांच्या पुढचं कोणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. एक विकर रेणूंच्या टोकांजवळच्या लायसिनवर काम करतं, आणि त्यातून शेजारच्या रेणूंमधे आडवे बंध तयार होतात. तेच सगळ्यांना एकमेकांत अडकवून ठेवतात. ते नसतील तर कंडरा दोन दिवस टिकणार नाही. वय वाढलं, रक्तात साखर राहिली की आणखी आडवे बंध तयार होतात, पण ते भलतीकडे, आणि कंडरा ताठर होते. हे सांगायला त्यांना नऊ वाजले. खजिनदारांच्या बायकोने मधे दोनदा जेवायला वाढू का विचारलं.

खजिनदार आता काठीशिवाय चालतात आणि सकाळी सातला जिन्यावर काकांच्या शेजारच्या पायरीवर टाचा सोडत उभे असतात. जिना पूर्ण बंद झाला आहे. ज्येष्ठ नागरिक संघाचा हिशेबही तेच बघत असल्याने काकांवरची बंदी त्यांच्या शब्दावर उठली. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, तळमजल्यावरच्या सभागृहात, काकांचं 'टाचेमागची शीर' या विषयावर व्याख्यान आहे. वेळ वीस मिनिटं छापली आहे, तिच्यावर विसंबू नये. खिचडी व्याख्यानाच्या आधीच आहे. प्रवेश सर्वांना खुला. ज्यांना कॅप्सूल घ्यायची असेल त्यांनी कृपया ती घरूनच घेऊन यावी आणि तिथे कोणालाही सांगू नये.